शुक्रवारची दोन पातेली

१

पाचवा डाव संपला, शर्यत झाली, पिरोगी जिंकली. सगळं मैदान हसत होतं, आणि तेवढ्यात तिसऱ्या बेसमागच्या बाकांवरून एका पोरीची किंकाळी आली.

कोरा स्विटाज, वय वर्षं सात. हातातला कागदी द्रोण तिनं फेकून दिला होता आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड ओरबाडत होती. तिच्या आईनं ओठ उघडून पाहिलं तर आतून कातडी पांढरी पडलेली. मागच्या रांगेतला एक माणूस थुंकत थुंकत नळाकडे पळाला. त्यानं निदान थुंकून तरी टाकलं होतं. कोरानं घास गिळला होता.

मॉर्लंड गावात हे घडावं आणि तेही पिरोगीच्या खिडकीवर, हे कुणाला खरंच वाटेना. कोळशाच्या खाणी बंद पडल्या, कापडाची गिरणी गेली, गावात उरलं काय, तर 'मॉर्लंड म्यूल्स' नावाची एक बेसबॉल टीम आणि तिच्या मैदानावरचं खाणं. चर्चच्या बायका दर सामन्याला खिडकी लावायच्या. बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या, मग पातेल्यात परतलेल्या पिरोग्या, आपल्या करंजीच्या आकाराच्या, वर परतलेला कांदा. पाचव्या डावानंतर मैदानाच्या कडेनं खाण्याच्या पदार्थांचे चार भले थोरले बोंगे धावायचे, प्रत्येकाच्या आत एक माणूस: पिरोगी, किलबासा म्हणजे लांबलचक सॉसेज, कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेली हलुपकी आणि बटाट्याचं धिरडं ब्लीनी. गावातल्या बाप्यांना सामन्याचा निकाल आठवत नसे, पण शर्यत कोण जिंकलं ते आठवे.

आरोग्य खात्याचा माणूस आला तेव्हा खिडकीतल्या फळीवर तेलाच्या बाटलीशेजारी दुसरी एक बाटली सापडली. रिकामी. तवे घासायच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची. प्रत्येक स्टॉलच्या मोरीखाली तशी एक असतेच. ही मोरीखालून फळीवर आली होती.

शेगडीपाशी उभी होती स्तेफानिया पेत्रुन्याक. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू. तिनं ती बाटली पाहिली, डोळ्यांजवळ नेली, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "मीच ओतलं असणार."

झालं. चौकशी तिथंच संपली.

२

टेस पेत्रुन्याक रविवारी सकाळी गावात पोचली ती गाडीचं दार आपटतच. विमा कंपन्यांसाठी जळलेल्या गोदामांचा तपास करणारी बाई. खोटं बोलणाऱ्या माणसांत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. स्तेफानिया तिच्या वडिलांची बहीण. अख्खं गाव तिला 'तेता' म्हणायचं, म्हणजे आत्या, पण टेसची ती खरीखुरी तेता होती. आई गेल्यावर टेसला वाढवलं ते हिनंच.

तेता स्वयंपाकघरात बसली होती. चूल थंड. टेबलावर काही नाही. टेसनं या घरात रिकामं टेबल जन्मात पाहिलं नव्हतं.

"तेता, जेवलीस का?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माणसं जेवतात."

"त्या पोरीला गिळता येत नाहीये टेस. नळी घातलीय. मी जेवू?"

"तू ओतलंस हे तुला आठवतंय? नीट आठवून सांग."

"शर्यत बघून परत आलो. गर्दी झाली होती. मी फळीवर हात घातला, बाटली घेतली, पातेल्यात धार सोडली. मी काही बघून घेते का गं? हाताला माहीत असतं." तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. "आता हातांनाही कळेना झालं. मी आता शेगडीला शिवणार नाही. इथलीही नाही."

"ते मी बघते."

"तू काय बघणार? मंगळवारी संध्याकाळी सामना आहे. तोवर चर्चनं काही खुलासा दिला नाही तर खिडकी कायमची जाणार. गोठवलेल्या पिरोग्या येणार म्हणे, खोक्यातून. माझ्या आईनं ती खिडकी मांडली होती. माझ्यामुळं गेली." मग फार हळू म्हणाली, "रात्री देवाला सांगते, मला ने. ऐकत नाही."

टेसला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. कुणावर, ते तिला अजून ठाऊक नव्हतं, पण एवढं कळत होतं की ज्या बाईनं जन्मभर न बघता लाखभर पिरोग्या तळल्या, तिचा हात असा चुकत नसतो.

"शनिवारी कुणी आलं होतं का तुला भेटायला?"

"कर्टिस आला होता. मैदानावरचं खाण्याचं सगळं बघतो ना, तो. चांगला मुलगा. माझ्याजवळ बसला. मशरूमचं सूप होतं शुक्रवारचं, ते खाल्लं त्यानं, दोनदा मागून घेतलं. म्हणाला, या वयात असं कुणाचंही होतं, तेता, मनाला लावून घेऊ नका."

एवढं बोलून ती पुन्हा आपल्या हातांकडे बघत बसली.

३

चर्चच्या तळघरात आयरीन होमा कणकेचे डबे धूत होती. पंचेचाळिशीची, खांदे रुंद, जीभ त्याहून.

"आलीस? ये. तुझ्या आत्याला चष्मा लाव म्हणून मी किती वर्षं सांगतेय, विचार कुणालाही."

"आणि शेगडी तुला दे म्हणूनही सांगत होतीस, असं ऐकलं."

आयरीननं डबा आदळला. "हो, सांगत होते! तोंडावर सांगत होते. म्हणून मी लहान पोराला विष घालीन? तुला लाज नाही वाटत विचारायला?"

"नाही वाटत. पातेली कुठायत?"

"धुतली. तिथल्या तिथं. मोरीत ओतलं सगळं."

"कुणी सांगितलं होतं धुवायला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पोर ओरडत होती, माझ्या डोक्यात एकच, अजून कुणाच्या तोंडात जायला नको. दोन्ही पातेली उपडी केली."

टेसनं डोळे मिटले. एकुलता एक पुरावा, आणि तो या बाईनं साबण लावून घासला होता. ओठांवर आलेली शिवी तिनं चर्चमध्ये आहोत म्हणून गिळली.

"दोन्ही म्हणजे? तुमची दोन पातेली असतात?"

"शुक्रवारी दोन. तू फार वर्षं बाहेर राहिलीस बाई. उपास करणारी म्हातारी माणसं शुक्रवारी लोण्याला शिवत नाहीत. त्यांच्यासाठी तेलाचं पातेलं वेगळं, नुसतं तेल, कांदा नाही. बाकी जगाला लोण्याचं, कांदा घालून. लोण्याच्या विटा थंड पेटीतनं काढायच्या आणि त्यात सोडायच्या. एकाचा चमचा दुसऱ्याला लागला तर तुझी आत्या हातावर मारते."

"शर्यतीच्या वेळी खिडकीत कोण होतं?"

"कुणीही नाही. आम्ही सगळ्या कठड्याशी. पिरोगी धावणार आणि आम्ही आत भांडी घासत बसणार होय? तेता झाकणावर पळी बडवत असते. सगळ्या गावाला माहितीये."

"परत पहिल्यांदा कोण आलं?"

आयरीननं ओले हात पुसले. मग टेसच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "मी."

४

शेजारची खिडकी बियरची. गस रायनर्ट, सत्तरीचा, पोट काउंटरवर टेकवून उभा राहणारा. पिरोगीची रांग त्याच्या नळासमोरून जायची, म्हणून दर सामन्याला बायकांशी त्याची कचाकचा भांडणं. सोमवारी सकाळी तो रिकामी पिंपं लोटत होता.

"टेस, पोरी, तुला आधीच सांगतो. मी त्या बायकांच्या नावानं खडे फोडले असतील, हजारदा फोडले. पण स्तेफाची पिरोगी न खाता मी एक सामना काढलेला नाही."

"शर्यतीच्या वेळी कुठं होतास?"

"इथंच, वाकून. तुझ्या आत्याच्या खिडकीकडे पाठ. कोण आलं गेलं, मला विचारू नकोस, मी किलबासाकडे बघत होतो."

"काही ऐकलंस? वास?"

"ऐकलं ते माझंच ओरडणं." तो एकदम तापला. "मी किलबासाचा माणूस. सगळ्यांच्या पुढं होता गाढव! उजव्या कोपऱ्यात वळला, आता फक्त सरळ पळायचं, आणि तिथं त्यानं काय करावं? पाय आखडले आणि कोंबडीसारखी टुणकन उडी मारली. तेवढ्यात पिरोगी पुढं. असं धावतात का? कर्टिसला म्हटलंसुद्धा नंतर, तुझं काय बिनसलं?"

"कर्टिस? खाण्याचा मॅनेजर?"

"तोच असतो ना किलबासात. इथं पगार एक आणि कामं सतरा. तो काही बोलला नाही, हसला नुसता."

टेस मैदानात उतरली तेव्हा सराव चालू होता. खेळाडू आत-बाहेर करत होते आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघेशी आले की प्रत्येक जण टांग टाकून पलीकडे जात होता. कुणाचा बूट तिला लागत नव्हता. टेस आपल्याच रागात होती, ती सरळ रेघ तुडवत चालली, तसा एक उंच पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, कळवळून ओरडला, "बाई, पाय! पाय उचला! रेघ तुडवली की अपशकुन होतो, आधीच नशीब फुटलंय आमचं."

"तुमच्या नशिबाचं मला काय करायचंय?" टेस म्हणाली आणि पुढं गेली.

५

कर्टिस लँडग्राफची खोली स्कोअरबोर्डच्या खाली होती. पस्तिशीचा, गोरा, नीटनेटका, आवाज मध लावल्यासारखा. त्यानं टेसला खुर्ची दिली, थंड बर्च बियर दिली, नावाला बियर, चवीला गोड सोडा.

"तेता कशा आहेत? मला फार वाईट वाटतंय हो. त्यांच्याविरुद्ध कुणी काही करणार नाही, मी बघतो. म्हातारं माणूस आहे. पण खिडकीचं मात्र... मालकांचा नाइलाज आहे. लोकांचा विश्वास उडाला की संपलं."

"गोठवलेल्या पिरोग्या कोण पुरवणार?"

"आहे एक कंपनी. बोलणी आधीपासून होती, लपवत नाही. पण चर्चला जागेचा शब्द दिलेला, मालकांच्या वडिलांनी. खाण्यात खोट निघाल्याशिवाय तो मोडता येत नव्हता. आम्ही काय असं व्हावं म्हणून नवस केला होता?" तो दुःखानं हसला. "आणि तुम्ही मला विचारायच्या आत सांगतो, शर्यतीच्या वेळी मी किलबासाच्या आत होतो. सगळ्या गावासमोर."

"हरलात म्हणे."

"हरलो काय, हरवलं! कोपऱ्यावर हलुपकीनं कोपर मारलं मला, तोल गेला. आत ती मार्ला असते, फार दांडगी आहे." तो हसला, आणि टेसलाही क्षणभर हसू आलं.

बाहेर पडताना तिला स्वतःचाच राग आला. माणूस बरा बोलत होता, आत्याजवळ बसला होता, हे करायला त्याच्यापेक्षा चांगलं कारण गावात कुणाकडे नव्हतं, आणि त्या घटकेला सगळ्या गावानं त्याला पाहिलं होतं. मग राहिलं कोण? आयरीन आणि गस. त्या दोघांपैकी कुणीही निघालं तर तेता आणखी एकदा मरेल.

तिनं गाडी इस्पितळाकडे वळवली.

६

कोरा झोपली होती. नळी काढली होती, पण ओठ अजून सुजलेले. तिची आई बेथ खिडकीशी उभी होती. टेसनं नाव सांगितलं तसा तिचा चेहरा दगड झाला.

"पेत्रुन्याक. म्हणजे त्या बाईच्या घरातल्या. माफी मागायला आलात?"

"नाही. तिनं केलं असेल तर माफी मागून भागायचं नाही. दुसऱ्या कुणी केलं असेल तर तो मला हवाय."

बेथ तिच्याकडे बघत राहिली. हिशोबी सांत्वनं ऐकून ती कंटाळली होती. हे तिला बरं वाटलं असावं. "विचारा."

"कोराच्या द्रोणात कांदा होता का?"

"कांदा?" बेथला प्रश्नाचाच राग आला. मग ती म्हणाली, "होता. ती कांदा खात नाही. एकेक काप काढून माझ्या गुडघ्यावर ठेवत होती. मी ओरडले तिला, खा गुपचूप म्हणून." तिचा आवाज फाटला. "मी म्हटलं, खा."

टेस खाली बसली. कांदा होता, म्हणजे लोण्याचं पातेलं. आणि लोण्याच्या पातेल्यात बाटलीतून कुणी काही ओततच नाही. तिथं विटा सोडतात. तेतानं न बघता बाटली उचलली, धार सोडली, हे खरं होतं. पण तिचा हात गेला असणार तेलाच्या पातेल्यावर, जन्मभर जातो तसा. तिथं चुकून कॉस्टिक पडलं असतं तर उपासवाल्या म्हाताऱ्यांची तोंडं जळली असती. एकाचंही जळलं नव्हतं. तेतानं तेलात तेलच ओतलं होतं.

आणि आयरीन? तिला तेताच्या चुकीचा देखावा करायचा असता तर तिनं तेलाचंच पातेलं निवडलं असतं. त्या तळघरातली कुठलीही बाई हे चुकली नसती. ज्यानं केलं त्याला शुक्रवारची दोन पातेली ठाऊकच नव्हती.

"शर्यत कुणी फोनवर घेतली असेल का हो?"

"मी घेतली. कोरा नाचत होती ना समोर. बघायची हिंमत झाली नाही." बेथनं फोन पुढं केला आणि स्वतः तोंड फिरवलं.

पडद्यावर कोराच्या दोन वेण्या उड्या मारत होत्या. त्यांच्यामागं चार बोंगे. किलबासा पुढं, बराच पुढं. हलुपकी सगळ्यांत मागं, धापा टाकत, ब्लीनीच्याही मागं. कोपऱ्यावर किलबासाच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. कोपर मारलं कुणी? कुणीच नाही. किलबासा फक्कीच्या रेघेशी आला, पावलं आखडली, अंतर मापलं, आणि त्या अवजड सालपटासकट टुणकन पलीकडे उडी मारली. मागून आलेल्या पिरोगीनं रेघ तुडवली, हलुपकीनं फरफटवली.

टेसनं ते परत पाहिलं. मग आणखी एकदा.

"काय दिसलं?" बेथनं विचारलं.

"किलबासा दिसला," टेस म्हणाली. "आणि त्याच्या आत कर्टिस नव्हता."

७

मंगळवारी सामन्याआधी ती सरळ डाव्या कुंपणामागं गेली. तिथं राखीव पिचर बसतात, मुख्य बाकापासून लांब, टीमच्या मॅनेजरच्या नजरेआड. बोंगे ठेवायची पत्र्याची शेड त्यांच्या पाठीलाच. पाच जण सूर्यफुलाच्या बिया चघळत बसले होते.

"तुमच्यातला किलबासा कोण होता शुक्रवारी?"

बिया चघळणं थांबलं.

"खेळाडूशिवाय फक्कीची रेघ टाळून उडी कुणी मारत नाही. बाकी जग तुडवतं, मीही तुडवली. तुम्हाला जमत नाही. सॉसेजच्या कातड्यात शिरलात तरी जमत नाही. मुख्य बाकावरचा माणूस गायब झाला असता तर कळलं असतं. म्हणजे तुमच्यातलाच. मी प्रत्येकाच्या तोंडाजवळ तोंड आणून विचारू, का उठतोय कुणी? सात वर्षांच्या पोरीचा घसा आतून सोललाय."

उंच पिचर उठला. ड्वेन प्रुइट, वयानं सगळ्यांत थोरला, कानशिलं पिकलेला. काल पाय उचला म्हणून ओरडला होता तोच.

"मी होतो. कर्टिस म्हणाला, पोट बिघडलंय, संडासात धावायचंय, एक शर्यत काढून दे. पोरं हसतील म्हटलं, काढली. खेळाडूनं बोंग्यात शिरायचं नाही असा करार असतो. पाय मुरगळला तर घरी. मला या हंगामानंतर तसंही कुणी घेणार नाही बाई, हा तरी पुरा करायचा होता. म्हणून गप्प राहिलो. आणि तो म्हणाला, म्हातारीनं कबूल केलंय, तुझा-माझा काय संबंध?"

"आणि तुझ्या मनात काहीच आलं नाही?"

"नाही आलं."

"आलं होतं. म्हणून तर सगळ्यांत आधी उठलास. तुझ्या करारासाठी एक म्हातारी बाई चार दिवस मरण मागतेय, आणि तू इथं बिया चघळतोस." प्रुइटनं मुठीतल्या बिया खाली टाकल्या. "चल माझ्याबरोबर."

शेडमध्ये कर्टिस किलबासाच्या आत मानेपर्यंत शिरला होता. फक्त वरचं डोकं चढवायचं बाकी होतं. त्याची मदतनीस पोरगी मागची चेन लावून नुकतीच बाहेर गेली होती. टेसच्या मागून प्रुइट आत आला, आणि कर्टिसच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्यातला जीव गेला.

"हा काय म्हणतोय ते ऐकू नका—"

"अजून तो काही म्हणालाच नाही. मी म्हणते ते ऐक. हलुपकीनं तुला कोपर मारलं नाही, ती सगळ्यांत मागं होती. तू का हरलास हे तुला माहीतच नव्हतं, कारण तू शर्यतीत नव्हतास. गसनं विचारलं तेव्हा नुसता हसलास, मी विचारलं तेव्हा कोपर रचलंस. सगळ्या बायका कठड्याशी, गसची पाठ, आणि तू त्यांच्या खिडकीत. मोरीखालची बाटली काढलीस, पातेल्यात ओतलीस, आणि तेलाच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवलीस, म्हातारीवर आळ यावा म्हणून."

"तिनं स्वतः कबूल केलंय!"

"चुकीच्या पातेल्याचं! कांदा घातलेलं पातेलं लोण्याचं असतं रे. त्यात बाटली ओतत नाहीत. तेल शुक्रवारच्या उपासाचं, त्याचं पातेलं वेगळं. तेलाची बाटली कुठं असते ते तुला ठाऊक होतं, ती कशासाठी असते ते नव्हतं. इतके शुक्रवार त्या खिडकीशी उभा राहून फुकट खाल्लंस, आणि त्या बायका काय करतात ते एकदाही बघितलं नाहीस!"

प्रुइट म्हणाला, "पोट बिघडलंय म्हणाला होतास तू मला."

कर्टिसनं एकदा दाराकडे पाहिलं. दारात आता गस उभा होता, त्याच्या मागं आयरीन, आणि आयरीनचा दंड धरून तेता. टेसनंच त्यांना बोलावलं होतं. पोलिसांनाही, पण ते अजून फाटकाशी होते.

"मला वाटलं वास येईल," कर्टिस म्हणाला. मधाचा आवाज कुठल्या कुठं गेला. "फेस येईल, त्या फेकून देतील, थोडा बोभाटा होईल आणि खिडकी बंद पडेल. एवढंच. कुणी खाईल असं मला... तिला दिसायला नको का? आंधळ्या बाईला शेगडीवर ठेवतात आणि मग—"

टेसचा हात वर गेला होता. तो धरला तेतानं.

"थांब," ती म्हणाली. आयरीनचा दंड सोडून ती पुढं आली, कर्टिसच्या अगदी जवळ, दिसावा इतकी. चार दिवसांत ती वाळून निम्मी झाली होती, पण आवाज खणखणीत होता. टेसनं तो आवाज कधी ऐकला नव्हता; तेता जन्मात कुणावर ओरडली नव्हती.

"माझ्या घरी आलास. माझ्या टेबलाशी बसलास."

"तेता, मी—"

"तेता म्हणू नकोस. मी रडत होते आणि तू सूप मागून घेतलंस. मी देवाकडे मरण मागत होते, आणि तुला ठाऊक होतं. माझा हात हातात घेतलास आणि म्हणालास, या वयात होतं." तिनं श्वास घेतला. "पोरीचं मी त्या पोरीच्या आईला सांगेन, ती तुझं काय करायचं ते करेल. पण हे काढ."

"काय?"

"हे अंगावरचं. माझा भाऊ खाणीतून वर आला की ईस्टरला हे खायचा. माझ्या बापानं धुरावर टांगलेलं हे. हे आमचं अन्न आहे. उतरव ते, आत्ता, मग तुला नेतील तिथं जा."

बाहेर पत्र्यापलीकडे माणसं जमायला लागली होती. कुणीतरी पळी आपटून झाकण वाजवून पाहत होतं. कर्टिसनं हात मागं नेला. बोंग्याची चेन पाठीवर असते, मानेपासून कमरेपर्यंत, आणि आतल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही. तो वाकला, वळला, भिंतीशी पाठ घासली. लाल फुगलेलं सालपट त्याच्या काखेत गोळा झालं. त्यानं प्रुइटकडे पाहिलं, मग गसकडे, मग आयरीनकडे.

कुणीही पुढं झालं नाही. पोलिसांची पावलं वाजेपर्यंत सगळे तसेच उभे राहिले, आणि तो पाठीमागं हात फेकत राहिला.